डब्यातून नेलेली विलायती मेंदी

मोताळ्याहून निघताना टेम्पोत सामान चढत होतं आणि जाऊबाई दारात उभ्या राहून एकेक वस्तू न्याहाळत होत्या. वाटणीत घर त्यांच्याकडे गेलं होतं. मी अंगणातल्या विलायती मेंदीची एक फांदी तेवढी मागितली. झाड मीच लावलेलं.

"काऊन वं मंदे? इथलं झाड इथंच राहीन. तुले पुण्यात माती तरी हाय का?"

टेम्पोवाला हसला. फांद्या मी पहाटेच ओल्या फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या. मागितली ती फक्त नकार कानांनी ऐकावा म्हणून.

या मेंदीनं हात रंगत नाहीत. पानांच्या काढ्यानं गुळण्या केल्या की तोंड आलेलं निवतं, केस धुतले की कोंडा कमी होतो. त्यासाठी गल्लीतल्या बायका माझ्या अंगणात यायच्या. आमच्या काळ्या मातीत हिची मुळं कुजतात, म्हणून मी मुरमाचा उंचवटा केला होता. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. मी गेल्यावर जाऊबाईंनी उंचवटा फोडला, भोवती छान आळं केलं, रोज बादली ओतली. झाड मेलं. मग गावभर सांगितलं, "जातानी मंदीनंच मुळाशी कायतरी टाकलं."

हे मी विसरले नाही. बाबा म्हणायचे, "सोडून द्यावं, पोरी." बाबांनी आयुष्यभर सोडलंच, पाहिलंय मी त्यांच्याकडे काय उरलं ते.

डब्यातून आणलेल्या फांद्या आता पुण्यात आमच्या सोसायटीच्या टेरेसवर कुंड्यांत वाढल्यात. माती, वाळू, थोडं शेणखत. फुलं सरली की छाटणी, छाटलेल्या फांद्यांची रोपं. मोताळ्याचं कुणीही पुण्यात आलं की रोप घेऊनच जातं. अट एकच: जाऊबाईंना मूठभर पाला द्यायचा, रोप नाही.

परवा रझियाभाभीचा फोन आला. आमची जुनी शेजारीण.

"मंदा, तुई जाऊ आल्ती. तोंड आलं म्हणे. पाला मागून राह्यली होती."

"किती दिला?"

"मूठभर. तू सांगतलं तेवढाच."

"म्हणजे पुन्हा येईल."

"हाव! उद्याच येते का नाही पाय. पर माह्याकडं नाही येणार, लाजली बिचारी. दुसऱ्या दारी जाईन."

"जाऊ दे. सगळ्या दारी माझंच झाड आहे."

गावाकडे तुझं आता काय राहिलं, असं इथल्या मैत्रिणी विचारतात. ज्या गावात जाऊबाईंना माझ्या झाडाचा पाला दारोदार मागावा लागतो, ते माझं घर. पुण्यात मी फक्त राहते.