शेर्गाझीच्या गाडीचा हॉर्न

आमच्या नारीन गावात गाडीच्या चाकाचं काही बिघडलं तर लोक माझ्याकडे येतात आणि विजेचं बिघडलं तर शेजारी मुकाश उस्तादकडे. मुकाशचा एक नियम होता. गाडी आत घेतली की मालकाला बाहेर काढायचा. "तुम्ही बोलायला लागलात की बिघाड लपून बसतो," असं तो सरळ तोंडावर सांगे. बाहेर काढलेले मालक मग माझ्याकडे येऊन बसत आणि माझा चहा संपवत. याचं मुकाशला कधी काही वाटलं नाही.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर कुबात आला. गाडी त्याच्या वडिलांची, शेर्गाझीची. म्हातारा वारल्यावर कुबात त्याच जुन्या गाडीत प्रवासी भरून अत-बाशीच्या रस्त्यावर चालवू लागला होता. तेव्हापासून गावाबाहेरचं कबरस्तान आलं की हॉर्न आपोआप वाजे. शेर्गाझीला तिथेच पुरलेलं, त्यामुळे प्रवाशांना फार विचार करावा लागला नाही. वाटेतल्या दुसऱ्या कबरस्तानांपाशीही वाजे, पण शेर्गाझीची ओळखपाळख सगळीकडे होती, असं लोक म्हणत.

"उस्ताद, हा भोंगा बंद झाला नाही तर रविवारी गाडी बाजारात उभी करतो," कुबात म्हणाला. "माझ्या गाडीत आता शेळीसुद्धा बसायला तयार नाही."

मागच्या सीटवर त्याची आई, बुरूल आपा, बसली होती. "विकायची नाही," ती म्हणाली. "तो माणूस जन्मभर घरात कमी आणि गाडीत जास्त बसला. ही गेली तर माझ्याकडे त्याचं राहिलं काय?"

मुकाशने दोघांनाही बाहेर काढलं.

त्याने हॉर्न बदलला, रिले बदलला, फ्यूजची पेटी घासून पुसून लख्ख केली. स्वतः गाडी खड्ड्यांतून हाणली, वरून पाणी ओतलं. हॉर्न गप्प. कुबात गाडी घेऊन गेला की कबरस्तानापाशी पुन्हा बोंब. असं आठवडाभर चाललं. मुल्लाशीही वाद घालणारा मुकाश शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "एखादी कोंबडी कापून बघू का रे?"

"हॉर्नसाठी की शेर्गाझीसाठी?" मी विचारलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना.

शनिवारी त्याने नाक मुठीत धरून आपला नियम मोडला आणि मालकाच्या शेजारी जाऊन बसला. मी मागे आपाजवळ बसलो. माझं काही काम नव्हतं, पण मुकाशची फजिती कोण सोडतो?

कबरस्तान आलं. आपाने दुआ मागायला हात पसरले, मी पसरले. कुबातनेही पसरले, दोन्ही. स्टिअरिंग गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही तळवे शांतपणे तोंडावरून फिरवले. आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर असंच करतात. मेलेल्यांना एका हाताने दुआ देणं बरं दिसत नाही. हॉर्न वाजला.

मुकाशने दुआबिआ काही केली नाही. तो कुबातच्या गुडघ्याकडे बघत होता.

"थांबव, गाढवा!"

त्याने स्टिअरिंगखाली हात घालून वायरींचा जुडगा चाचपला आणि निळा मणी ओवलेली मोठी सेफ्टी पिन काढली. पिन हॉर्नच्या तारेतून आरपार गेलेली. गुडघ्याने दाब दिला की तिचं टोक लोखंडाला टेकायचं.

"माझी आहे," बुरूल आपा म्हणाली. "पोरगा नवीन ड्रायव्हर. नजर लागू नये म्हणून लावली होती."

मुकाशने तारेला टेप गुंडाळली. कुबात हसून हसून लाल झाला. "आपा, गाडी राहिली आपली!" म्हणत त्याने गाडी मागे घेतली आणि पुन्हा कबरस्तानासमोरून नेली. सगळ्यांनी हात पसरले. कुबातने गुडघे आवळले. काही वाजलं नाही. त्याने कडेला गाडी उभी केली.

आपाचे हात तसेच पसरलेले होते.

"संसारभर हाका मारल्या मी त्याला," ती म्हणाली. "कधी ओ दिली नाही. या वर्षी देत होता."

कुबातचं हसू गेलं. मला कुठे बघावं कळेना. मुकाशने हात लांब करून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"एवढं लांबण नाही," आपा म्हणाली. "तो तुटक बोलायचा."

कुबातने मुकाशचा हात बाजूला केला आणि स्वतः हॉर्न दाबला. दोनदा, तुटक. मग कुठे म्हातारीने तळवे तोंडावरून फिरवले.