बेण्याचा सुभेदार

सकाळी खुराड्याची फळी बाजूला केली आणि आतून काहीच बाहेर आलं नाही. एरवी फळीला हात लागायच्या आधीच आत चोची वाजायच्या. लिंबाच्या झाडावर बसणाऱ्या कोंबड्याही खाली पडल्या होत्या. कुणाची मान उलटी पिळलेली, कुणाचे पंख मातीत पसरलेले. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोरी कोंबडी, तेवढी जिवंत होती आणि स्वतःभोवती गोल गोल फिरत होती. थोड्या वेळानं तीही थांबली. आमच्याकडं या रोगाला मानमोडी म्हणतात. नाव बरोबर आहे.

आक्का खाली बसली. मेलेली एकेक कोंबडी तिनं मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि छातीच्या हाडावरून दोन बोटं फिरवली. जिवंत कोंबडी तपासावी तशीच.

"भरली व्हती गं," ती म्हणाली आणि पुढची घेतली. "ही बी भरली व्हती."

सगळ्यात शेवटी तिनं सुभेदाराला उचललं. सुभेदार म्हणजे तिचा तांबडा कोंबडा, बेण्याला ठेवलेला. अंगणातली सगळी पिल्लं त्याची. त्याच्या छातीवर तिची बोटं बराच वेळ राहिली. ती रडली का, तर मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

आक्का माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती या घरात होतीच. सासूपेक्षा माझ्या वाट्याला तीच जास्त आली. कुणाच्या घरी गेली की चहाच्या आधी ती त्यांच्या कोंबडीला हात घालायची. पिसं कितीही फुगवली तरी हाडावर मास किती आहे ते बोटाला कळतं, असं तिचं म्हणणं. माणसांनाही ती तसंच बघायची. माझ्या शोभाला माकणीचं स्थळ आलं, पाहुणे पोहे खात बसले होते, आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उंची हाय. छाती न्हाई." मी तिला चिमटा काढला. लग्न झालंच.

भूकंपानंतर नव्या गावठाणात आलो तेव्हा घरांना अंगण मिळालं. आक्कानं त्यातला निम्मा भाग न विचारता घेतला. आमची गावरान कोंबडी चिवट, चवीला चांगली, पण चिमणीएवढं मास. म्हणून तिनं कुठल्याशा प्रदर्शनातून मोठ्या जातीचा एक कोंबडा आणला. त्याची पिल्लं भराभर वाढली, पण निव्वळ ठोंबी. घार आली तरी वर बघायची नाहीत. मुंगसानं त्यांच्यावर बरेच दिवस चैन केली. जगलेल्या कोंबड्यांनी अंडी दिली, पण खुडूक होऊन अंड्यांवर बसेल अशी एक निघाली नाही.

"आई व्हायचंच इसरल्यात ह्या," आक्का म्हणाली आणि त्या एकेक करून रश्शात गेल्या.

मग तिनं त्यांच्यातलाच एक कोंबडा पुन्हा गावरान कोंबड्यांत सोडला. त्याची पोरं, पोरांची पोरं. संध्याकाळी जी कोंबडी आपल्या पायानं झाडावर चढेल ती ठेवायची, खाली झोपेल ती खायची. जी अंड्यांवरून उठायची नाही तिच्याच पिल्लांतला कोंबडा धरायचा. "पाय घारीचे, छाती पैलवानाची अन् डोस्कं गावरान," असं तिला हवं होतं. अशी बरीच वर्षं गेली, तेव्हा सुभेदार निघाला. त्याच्या तलंगा मोठ्या झाल्या की अंडीही बऱ्यापैकी द्यायच्या, आणि त्याचे कोंबडे असे भरायचे की एकात सगळं घर जेवून उठायचं.

दुपारी ती लिंबाखाली बाजेवर बसायची. ऊन पांढरं झालेलं असायचं, रानातून जोंधळ्याच्या ताटांचा सुकलेला वास यायचा. कोंबड्या मातीत खड्डे करून त्यात पसरायच्या, अंगावर धूळ उडवून घ्यायच्या, मग त्यांच्या पापण्या खालून वर मिटायच्या. आक्काच्याही मिटायच्या. ती झोपलेली नसायची. हाक मारली तर ती लांबून यायची, बसल्या जागेवरून. कुठं गेला होता म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "ह्या काळीला सुभेदाराचं पिल्लू झालं तर कसं असंल, ते बगत व्हते." तिनं ते पाहिलंही असेल. मला नुसती धूळ दिसायची.

खायच्या बाबतीत तिला दयामाया नव्हती. कापायच्या कोंबड्याला ती आधी बांबूच्या डालग्याखाली ठेवायची, भिजवलेला मका आणि ताक द्यायची, त्याच्याशी बोलायची, आणि मग मला रश्शाच्या मसाल्याचं सांगायची, "येसूर भाज." पहिला घास ती डोळे मिटून चावायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. माझे मालकसुद्धा भाकरी हातात धरून बसायचे. मग ती निकाल द्यायची, "धागा लांब हाय. पर अजून गोडी पायजे," आणि आम्ही जेवायला लागायचो. आम्हाला गोडी भरपूर लागायची.

नळदुर्गकडचा एक ढाबेवाला तिचे कोंबडे न्यायला यायचा. दर खेपेला तो सुभेदाराकडं बोट दाखवायचा.

"आक्का, ह्यो द्या की. किती जपून ठेवणार?"

"त्याची पोरं न्या," ती म्हणायची. "बाप न्हाई मिळायचा."

तिचं खरं भांडण ढाबेवाल्याशी नव्हतं, आमच्या रीतीशी होतं. आमच्याकडं मरीआईला कोंबडा द्यायचा तर सगळ्यात मोठा. पाहुणा आला, मोठा. जावई आला, मग तर विचारूच नका. मोठे सगळे असे पोटात जातात आणि मागं उरलेल्या किडमिड्या कोंबड्यांचीच पुढची पिल्लं निघतात. "चांगलं बेणं खाऊन टाकायचं अन् पोचट दाणा पेरायचा," आक्का म्हणायची. "मग म्हणायचं, कोंबड्या पैल्यासारख्या ऱ्हायल्या न्हाईत." जोंधळ्याचं बेणं राखायचं सगळ्यांना कळत होतं. कोंबड्याचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

मानमोडीच्या आदल्या वर्षी जत्रेला शोभा आणि जावई आले. जावयानं अंगणात सुभेदार पाहिला, खूश झाले. जेवायला बसले तर ताटात दुसराच कोंबडा. तोही चांगला होता, पण सुभेदार बाहेर आरवत होता.

"आक्का, मोठा कुणासाठी ठेवलाय?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्यांसाठी," आक्का म्हणाली.

मी ताटाकडं बघत राहिले. जावई जेवले, पण दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही. हा आमच्याकडं मोठा राग समजतात.

पंचमीला शोभा एकटी आली. जाताना आक्कानं तिला सुभेदाराच्या कोंबड्यांची अंडी दिली, स्टीलच्या डब्यात जोंधळ्यात पुरून, म्हणजे एसटीत धक्का लागू नये. शोभानं ती घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. जावई म्हणाले म्हणे, "कोंबडा न्हाई तर न्हाई, आमलेट तरी मिळालं." पण अंडी त्यांनी कोंबडीखाली राहू दिली, आणि त्यांतून पिल्लं निघाली.

पुढच्या जत्रेला जावई एकटेच आले, आणि येताना स्वतःचा कोंबडा घेऊन आले. वाटेत बाजार लागला, तिथून घेतलेला. मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलटा टांगलेला.

"आक्का, तुमचा राहू द्या," ते हसून म्हणाले. "आमी आमचा आणलाय."

गावभर हसू झालं. आक्काही हसली. पण त्यांनी आणला तो सोमवारी. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, आमच्या घरात त्या दोन दिवशी सुरी लागत नाही. त्यामुळं त्या कोंबड्याला बुधवारपर्यंत मुदत मिळाली. बाजारातलं जनावर आक्का कधी अंगणात घ्यायची नाही. पार पलीकडं, गोठ्यामागं, वेगळं ठेवायची. पण जावयाची भेट गोठ्यामागं कशी टाकायची? अंगणातच डालग्याखाली ठेवला. डालग्याच्या फटीतून तो पाणी प्यायचा, आणि त्याच वाडग्यात आमच्या कोंबड्या चोच बुडवायच्या. आमच्या कोंबड्यांची लस जत्रा झाल्यावर टोचायची ठरली होती.

बुधवारी सकाळी आक्कानं डालगं उचललं. कोंबड्यानं मान टाकली होती, घशात घरघर होती, विष्ठा हिरवी. तिनं त्याला हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"जावईबापू, ह्यो ताटातला न्हाई. मातीतला हाय."

जावयाला वाटलं, हा दुसरा अपमान. त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, मोटारसायकलला लाथ मारली आणि निघाले. आवाज वेशीपलीकडं गेला तशी आक्का मला म्हणाली, "शोभाला फोन लाव."

फोन तिनं स्वतः घेतला. "ऐक. जावई घरी आले की दारातच आंगूळ घाल. कापडं, चपला, गाडीची चाकं, सगळं धू. तंवर कोंबड्यांकडं फिरकू द्यायचं न्हाई. ऐकत न्हाईत म्हंजे? घरात घेऊ नको."

शोभानं पुढं सांगितलं ते असं. जावई स्वतःच्या दारात उभे, शेजारी बघतायत, आणि बायको सोड्याच्या पाण्याची बादली घेऊन आडवी. "सासुरवाडीला जेवण न्हाई, घरी दार न्हाई," असं ते मोठ्यानं म्हणाले. पण आंघोळ केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याकडं ती सकाळ उजाडली. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. आता टोचून उपयोग नाही, म्हणाले. मालकांनी खड्डा खणला, आम्ही चुना टाकून सगळं बुजवलं. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या.

"सुभेदार जावयाला कापला असता तर पोटात तरी गेला असता," एक म्हणाली.

"अन् दुसऱ्या दिवशी कुठं गेला असता?" आक्का म्हणाली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ती हसली नाही. तिला एकच काळजी होती. इथं तिच्या जातीचं पीससुद्धा उरलं नव्हतं. माकणीला रोग पोचला असेल तर सगळं संपलं, आणि पुन्हा सुरुवात करण्याएवढं आयुष्य तिच्याजवळ नव्हतं. हे तिनं मला सांगितलं नाही. रोज दुपारी ती माझ्यापुढं मोबाइल धरायची, एवढंच.

"आहेत का?" ती शोभाला विचारायची.

"आहेत, आत्या."

एके दिवशी शोभानं फोन तिकडं अंगणात नेला. आधी वारा ऐकू आला, मग भांड्याचा आवाज, मग कोंबडा आरवला. नवा होता, शेवटी आवाज फाटला. आक्का डोळे मिटून ऐकत होती.

"बापावानी वडतोय शेवटाला," ती म्हणाली.

मी म्हणाले, आणायला सांगू का? तर नको म्हणाली. अंगणाला रोग लागलाय, ते रिकामं पडू दे, ऊन खाऊ दे. मग अंगण रिकामं पडलं. सकाळी ती कोंबड्याच्या वेळेलाच उठायची आणि सवयीनं मूठभर जोंधळा फेकायची. चिमण्या येऊन खायच्या. दुपारी ती लिंबाखाली तशीच बसायची, समोर नुसती माती, मातीवर पानांची सावली हलतेय, आणि ती जणू काही कळप मोजत असल्यासारखी बघतेय. मला भीती वाटली की डोकं गेलं. गेलं नव्हतं. ती काळीचं पिल्लू बघत असणार.

तुरी फुलावर आल्या तेव्हा मोटारसायकल आली. पुढं जावई, मागं शोभा, आणि तिच्या मांडीवर डालगं, सरळ धरलेलं. वर ओलं फडकं टाकलेलं. जावयानं फडकं काढलं.

"आक्का, ह्यो बेण्याचा हाय," ते म्हणाले. "कापायला न्हाई आणला. परवा आमच्याकडं माझा थोरला भाऊ आला, त्यानं मागितला. म्या दिला न्हाई. त्यो बोलत न्हाई आता माझ्याशी."

आक्कानं कोंबडा मांडीवर घेतला. डोळे मिटले. बोटं छातीवरून गेली, परत आली.

"भरलाय," ती म्हणाली. मग जावयाकडं बघून, "काय खाणार, जावईबापू? बुधवार हाय."

"पिठलंच करा," जावई म्हणाले.

त्यानंतर आक्का काही वर्षं जगली. एका दुपारी ती लिंबाखाली बाजेवर बसली होती, अंगणभर तांबड्या कोंबड्या धुळीत पसरल्या होत्या. चहा झाला म्हणून मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्या दिवशी ती आली नाही.

लोक अजून विचारतात, त्या मानमोडीतून तुमच्या कोंबड्या वाचल्या कशा. आमची एकही वाचली नाही. जगल्या त्या माकणीच्या: डब्यातून गेलेल्या अंड्यांतला एक कोंबडा आणि दोन तलंगा.