कुजलेले बांगडे

कोरोनातून उठल्यापासून माझे बाबा, बुधाजी, प्रत्येक ताटाला कुजका वास येतो म्हणत. ट्रेलर चालवणारा हा शांत माणूस ताटं भिरकावू लागला. डॉक्टर म्हणाले, आजारानं वासाची नस बिघडलीय, सांभाळून घ्या. आई सांभाळत राहिली.

परवा त्यांनी बांगड्याचं गरम कालवण तिच्या अंगावर फेकलं आणि वरवंट्यानं तिचं मनगट मोडलं. मी मांडव्याहून धावत आले. सांडलेलं पुसताना मलाही कुजका वास आला. बांगडे खरंच कुजले होते.

"मलाबी त्यांच्यासंगंच कोरोना झाला, तवापासून वास येत न्हाय," प्लास्टर घालून घेताना आई म्हणाली. "कोळणीसमोर मासा हुंगायचं नुसतं नाटक करते."

बाबा आता गावभर सांगतात, मी बरोबर होतो.

मग मासळी उकिरड्यावर टाकायची होती. वरवंटा कशाला उचलला?