कोंबडीचा पाय

बायांनो, आज दुपारचंच सांगते. हात अजून हळदीचे आहेत.

पुतणीची, शेवंताची सोयरीक ठरली. आष्टीचे पाहुणे जेवायला यायचे होते, म्हणून जाऊबाईंनी कोंबडी माझ्यापुढं टाकली. माझे मालक वारल्यापासून असली कामं माझीच.

शेवंता शेजारी येऊन बसली. इथं निजामाच्या राज्यात सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दूच शिकवतात, तीही मुलग्यांनाच. हिला मराठी अक्षरं मी चुलीपुढच्या राखेत गिरवून शिकवली.

मी तिला कोंबडीचा पाय दाखवला. "मासिकात वाचलं बघ. लई पूर्वी घराएवढे मांसखाऊ सरडे व्हते. दोन पायांवर चालायचे, पुढं अशीच तीन बोटं. विद्वान आकार बघत न्हाईत, हाडं बघून कूळ ठरवतात. काहीजण म्हणतात, पाखरं त्यांच्याच भावकीतली."

"मंग काकू, ही लई गरीब भावकी म्हणायची!" शेवंता हसली.

बायकांच्या पंगतीत मी भाकरी वाढत होते. होणाऱ्या सासूनं विचारलं, "ह्या कोण?"

जाऊबाई त्यांना रस्सा वाढायला वाकल्या. पंगतीत बसलेली शेवंताच बोलली, "कामाला हाय ती."

मी आत गेले. पातेल्यातला पाय काढला आणि शेवंताच्या ताटात वाढला. "खा पोरी. भावकीतलाच हाय."

तिनं मान खाली घालून तो खाल्ला. माझ्याकडं बघितलं नाही.

कोट्यवधी वर्षांनीही हाडांवरून नातं ओळखू येतं म्हणतात. मी तर समोर उभी होते. बायांनो, पाहुण्यांपुढं तुम्हाला तुमच्या घरचे काय म्हणतात?