गप्प पोरांचे सर

आमच्या रसायनवाल्या सरांएवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गप्प पोरांना त्यांच्याएवढा जीव लावणारा तर त्रिभुवनात नाही. मी इंग्रजी शिकवते. ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, त्यामुळे माझा डावा कान त्यांच्याच सेवेत झिजला. टेंभुर्णीकडचा गडी, बांधापलीकडच्या माणसाला हाक मारत मोठा झालेला. खालच्या वर्गात ते आम्ल आणि अल्कली शिकवायला लागले की वरच्या मजल्यावर भूगोलाच्या मॅडम खडू ठेवून थांबतात. बायकोला फोनवर "वांगी आणू का" विचारलेलं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि एकदा तर पलीकडच्या केबिनमधून प्राचार्यांनीच "आणा, आणा" म्हणून उत्तर दिलं होतं.

हल्ली बाहेरच्या विद्यापीठांना अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. बोलकी पोरं बिनधास्त आत येतात, "सर, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला" म्हणतात. त्यांना सर सरळ माझ्याकडे पिटाळतात. बोलक्याला शिफारस कशाला, त्याचं तोंड आहे की, असं त्यांचं म्हणणं. सरांचं लक्ष दाराकडे. तिथं गप्प पोरं येऊन उभी राहतात, पंख्याकडे बघतात, जुनीच नोटीस पुन्हा वाचतात आणि न विचारता निघून जातात. असं पोर दिसलं की सर मायेनं "आत ये!" म्हणतात. ती माया इतकी मोठ्यानं बाहेर पडते की पोर पळ काढतं, आणि सर त्याच्यामागे धावतात. बघणाऱ्याला वाटावं, कॉपी सापडली.

आणि पोराचं घर बघितल्याशिवाय पत्र लिहायचं नाही, हा आणखी एक हट्ट. अकलूजच्या एका पोरासाठी रविवारी एसटीनं गेले आणि खांद्यावर उसाची मोळी घेऊन परतले. सोमवारी दिवसभर त्याच्या घरच्या म्हशीचं कौतुक. मी शेवटी वैतागून विचारलं, अहो, पण मुलगा कसा आहे? तर म्हणाले, ताटातली भाकरी संपायच्या आत पोरगं दुसरी वाढत होतं, एका शब्दानं न विचारता. आणखी काय बघायचं? पत्रात लिहिलं, 'धिस बॉय इज गोल्ड ओन्ली.' ते 'ओन्ली' काढण्यावरून आमचं चांगलंच वाजलं. पोराला पुण्यात प्रवेश मिळाला आणि सरांचा आपल्या लेखणीवरचा विश्वास आभाळाला टेकला.

यंदा दारात श्रावणी उभी राहिली. घरची बोली तेलुगू, वडील टॉवेल विणणारे. वर्गात "येस सर" पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तिला बंगळूरच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्रच शिकायचं होतं, आणि तेवढंच तिनं मनाशी धरलं होतं. दुसऱ्या एका शिक्षकांनी तिच्या पत्रात 'शांत व मनमिळाऊ' असं लिहून दिलं, ते वाचून सर भडकले. म्हणाले, शांत तर भिंतपण असती. मे अखेर ते निवृत्त होणार होते, त्यामुळे हे शेवटचं पत्र त्यांना झकास हवं होतं. रविवारी मलाही ओढत तिच्या घरी घेऊन गेले.

घराच्या मागच्या अंगाला यंत्रमाग कानठळ्या बसवत चालू होते. वडील बंद करायला निघाले, तर सरांनी हातानंच नको म्हटलं. आपल्या आवाजावर भरवसा! मग ते बोलायला लागले. तोंड हलतंय, मानेच्या शिरा फुगल्यात, आणि ऐकू मात्र काहीच येत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी हा चमत्कार बघत होते, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तेवढ्यात श्रावणी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. सरांच्या ओठांवरून ओळखून ती बोटांनी, भुवयांनी, मानेनं वडिलांना सगळं सांगायला लागली. त्यांच्या घरात मागाजवळ असंच बोलतात. सरांचं पोट पुढे काढून उभं राहणंसुद्धा तिनं करून दाखवलं. वडील इतके हसले की तुटलेला धागा जोडायचं विसरले. आईनं लांबून काहीतरी खुणावलं, तिला हिनं पाठमोरं वळता वळता उत्तर दिलं, आणि पुन्हा हशा.

बाहेर आल्यावर सर बराच वेळ चपला शोधत राहिले, समोरच होत्या तरी.

"मॅडम, ही पोरगी दिवसभर बोलती की," ते म्हणाले. "आपल्यालाच ऐकू येत न्हाय."

पत्र त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. मी यावेळी कशाला हात लावला नाही, 'ओन्ली'लासुद्धा.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. अर्ज फार आले, खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मेल्यांनी पत्र उघडून तरी बघितलं असेल का, असं म्हणून मी माझा राग टेबलावर आपटला. सर नुसते पुटपुटत राहिले. "आमचंच पत्र कमी पडलं," एवढंच मध्येमध्ये. स्टाफरूममध्ये इतकी शांतता पसरली की भूगोलाच्या मॅडम खाली येऊन विचारून गेल्या, सरांना बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी श्रावणी आली. ती दारात थांबलीच नाही. सरळ सरांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. सध्या इथंच बीएस्सी करते, वडिलांनाही सांगितलंय, असं तिनं सांगितलं. आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही.

"पुढच्या वर्षी मी परत अर्ज करणार आहे, सर. पत्र तुम्हीच द्याल ना?"

मी सरांकडे बघितलं. पुढच्या वर्षी कॉलेज कुठलं आणि सर कुठले! पण ते तिला त्यांनी सांगितलं नाही.

"देतो की," म्हणाले. "जा, अभ्यास कर."

ती गेल्यावर त्यांनी कॉलेजचा छापील कागद काढला आणि तारखेची जागा कोरी सोडून लिहायला बसले. मी म्हटलं, अहो सर, आत्ताच? तर मान वर न करता म्हणाले, अजून महिनाभर तरी ही खुर्ची आपली हाय. चहा आला, निवला, साय धरली. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला, इंग्रजी बघा म्हणून.

पहिलंच वाक्य होतं, 'धिस गर्ल केम इनसाइड अँड आस्क्ड.'

त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मला रडू आलं, आणि मी उगाचच चष्मा पुसत बसले.