चालत्या गाडीतले खून

माझ्या मोठ्या साडूंनी जितके खून पचवलेत, तितके उभ्या जालना जिल्ह्यात कुणी पचवले नसतील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं पोथी धरतात, सकाळचं फिरायला लागतात. यांनी एक जुनी मोटार घेतली आणि मोबाईलवर गुप्तहेराच्या कथा ऐकायला सुरुवात केली. एकाच गुप्तहेराची लांबलचक मालिका, भारदस्त आवाजात वाचलेली. पण ऐकायची ती फक्त चालत्या गाडीत. घरी निवांत ऐका की, म्हटलं तर म्हणायचे, "घरात खून लावला की बरकत राहत न्हाई, पाव्हणं." त्यामुळे कथा पुढे सरकायची तर प्रवास हवा, आणि प्रवासाला कारण हवं. दर आठवड्याला ते राजूरच्या गणपतीला निघू लागले, तेव्हा उतारवयात देवाची ओढ लागली म्हणून आम्हाला बरंच वाटलं होतं. पुढे कळलं, की जालना ते राजूर एक प्रकरण बराबर बसतं. ते लांबलं तर गणपतीला गाडीतूनच हात जोडून ते भोकरदनपर्यंत जाऊन येत. आमच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे शेजारच्या सीटवर बसण्याचा मान आपोआप माझ्याकडे आला होता.

गाडीचा वेगही कथेवर ठरे. प्रेत सापडेपर्यंत गाडी सुसाट, आणि जबान्या सुरू झाल्या की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. एकदा घनसावंगीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे आम्ही कितीतरी वेळ रांगत होतो. बाजूने पुढे जायला रस्ता मोकळा, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी काही बोलणार तोच ते गंभीरपणे म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलून राह्यला. इथं जल्दी कामाची न्हाई." घरातही हाच खाक्या. डब्यातला लाडू कमी झाला तर ते कुणाला सरळ विचारत नसत. आधी सगळ्यांना बैठकीत बसवत, येरझारा घालत, आणि अखेर तो लाडू आपणच खाल्ल्याचं त्यांना आठवे.

पण खरी कमाल झाली ती कुंभार पिंपळगावला, त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्यात. मुलीच्या दारात आम्ही पोचलो आणि प्रकरण संपायला थोडंसं उरलेलं. साडूंनी गाडी बंद केली नाही, काचा वर केल्या आणि मांडवाभोवती सावकाश फेऱ्या मारू लागले. मुलीचे वडील ओवाळणीचं ताट घेतलेल्या बायकांसह पुढे आले, की गाडी पुढे जाई. साडू आतून त्यांना हाताने 'थांबा' अशी खूण करत. नवऱ्याचा मामा मांडवाशी येऊन उतरत नाही, याचा अर्थ मराठवाड्यात एकच होतो. मामा रुसले! मानपानात काय राहिलं, यावर आत कुजबुज सुरू झाली. टॉवेल-टोपी ठरली होती तिथे धावतपळत फेटा आणला गेला. प्रकरण संपलं तसे साडू उतरले. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "मामा, आमचं काही चुकलं असंल तर पदरात घ्या." साडूंनी फेटा बांधून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं बिलकुल काही न्हाई. माळ्यानं केलं."

मागच्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवायला बंदी केली. पुण्याहून मुलाचा फोन आला, गाडी विकून टाका. मग एक दिवस माझ्या मेहुणीने मला फोन केला. "दाजी, हे अंगणात गाडीत जाऊन बसतेत. नुसतेच. काही लावत बी न्हाईत." हसताखेळता माणूस उभ्या गाडीत गप्प बसलाय, हे ऐकून मला राहवेना.

तेव्हापासून दर रविवारी गाडी मी चालवतो. माझं चालवणं त्यांना पसंत नाही. गियर उशिरा बदलतो, खून लक्ष देऊन ऐकत नाही, अशा तक्रारी ते समोर बघत करत असतात. गेल्या महिन्यात आम्ही परतूरला निघालो होतो. वाटूर फाटा मागे पडला, कथा ऐन रंगात आली, आता खुनी कळणार, तोच त्यांनी मोबाईल चाचपत बंद केला. मी गाडी कडेला घेतली.

"भाऊ, काय झालं? खुनी तरी कळू द्या."

"ही मालिकेतली शेवटली हाय. एवढं ऐकलं की संपली."

"मंग?"

"मंग तुम्ही कशाला याल, पाव्हणं?"

मी उगीच गियरशी खटपट केली आणि म्हणालो, "मला मधलं काहीच ध्यानात न्हाई. पहिल्यापासून लावा बरं."

"तुमचं ध्यान नसतंयच," ते म्हणाले, आणि पहिल्या कथेचं पहिलं प्रकरण सुरू झालं.

त्या शेवटच्या गोष्टीतला खुनी अजून मोकळा आहे. त्याला धरायची आम्हा दोघांनाही घाई नाही.