घोड्याचे मागचे पाय

आमचे काका शिंपी. गळ्यात टेप आणि नाकावर राग, दोन्ही कायमचे. त्यांनी जन्मात एकाच सिनेमात काम केलं, तेही घोड्याच्या मागच्या पायांचं. पुढचे पाय काकूचे.

सिनेमा गाण्यांचा, पऱ्यांचा. त्यातला उडता घोडा काकांनी शिवला, आणि आत शिरून नाचणारे दोघं ऐन तालमीच्या वेळी पळाले म्हणून नवरा-बायकोच आत शिरले. तालमीत गिरकी उजवीकडे होती. शूटिंगच्या सकाळी नाचाच्या मास्तरांनी ती डावीकडे केली आणि तसं काकूला सांगितलं. काकू डावीकडे वळली, काका उजवीकडे. भर गाण्यात टर्रकन आवाज झाला आणि घोड्याचे दोन तुकडे झाले. नवा शिवायला वेळ नव्हता, तसाच पडद्यावर गेला. सिनेमा दणकून आपटला.

तेव्हापासून घरात एकच खटला. "मला कुणी सांगितलंच नाही," काका म्हणायचे. "मी सांगितलं होतं, तुमचं लक्ष नव्हतं," काकू म्हणायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी घोड्यावरच यायची. काका एरवी खमके, पण 'मागचे पाय' म्हणून कुणी हसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मला तेव्हा काकूचा राग यायचा. एकदा तरी म्हणावं ना बाईनं, की राहिलं सांगायचं!

मग कॉलेजच्या पोरांना हा सिनेमा कुठूनसा सापडला. आता आमच्या जुन्या थिएटरात दर महिन्याला त्याचा खेळ लागतो. पोरं पँटला शेपट्या लावून येतात, सगळी गाणी तोंडपाठ. यंदा त्यांनी काका-काकूला आग्रहानं बोलावलं. काका नाइलाजानं आले आणि माझ्या शेजारी अंग चोरून बसले. घोड्याचं गाणं लागलं नि अख्खं थिएटर उभं राहिलं. अर्धी पोरं डावीकडे वळली, अर्धी उजवीकडे, आणि सगळी एकदम 'टर्र!' ओरडली. शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. काका हळूहळू ताठ बसले.

मध्यंतरात दोघांना पडद्यासमोर नेलं. एका मुलीनं विचारलं, "ही अफलातून चूक कुणाची?"

काकूनं माईक पटकावला. "माझी! गिरकी बदलली ते मी यांना सांगितलंच नव्हतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी काकांकडे पाहिलं. ज्या एका वाक्यासाठी ते जन्मभर भांडले ते अखेर मिळालं होतं, तेही भरल्या थिएटरात. मला भरून आलं.

काकांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला.

"साफ खोटं," ते म्हणाले. "हिनं सांगितलं होतं. मी माझ्या मर्जीनं वळलो."